फळ्यांच्या फटीतून

नरेश मेश्राम सिंगापूरच्या जुरोंग आयलंडवरच्या एका रिफायनरीत प्लॅनिंग इंजिनियर होता, आणि हे तो घरातही कुणाला विसरू देत नसे. दर चार वर्षांनी अख्खा प्लान्ट दीड महिना बंद ठेवून दुरुस्त करतात. त्या काळात कुठलं काम कुठल्या दिवशी किती वाजता सुरू होणार आणि कुठल्या कामामुळे कुठलं अडणार, याचा तक्ता नरेश बनवायचा. कंपनीत त्याच्या तोडीचा दुसरा माणूस नव्हता. पंचाईत एवढीच, की पुंगोलच्या फ्लॅटमध्ये दुरुस्त करण्यासारखं फारसं काही नव्हतं, म्हणून तो आठवड्याच्या भाज्यांचा तक्ता करायचा. बायको अंजली तो मुकाट्याने फ्रिजवर लावायची आणि मनाला येईल ती भाजी करायची.

त्या गुरुवारी संध्याकाळी कंपनीची बस चेकपॉइंट ओलांडून बाहेर पडली आणि नरेशचा डोळा लागतोय न लागतोय तोच फोन वाजला.

"जय भीम, नरेशभाऊ. मी नंदा रामटेके बोलते. सरांच्या शाळेतून."

सर म्हणजे नरेशचे वडील, शिवदास मेश्राम. ब्रह्मपुरीजवळच्या एका गावात त्यांनी एकतीस वर्षं इंग्रजी शिकवलं. त्यांना जाऊन रविवारी वर्ष होणार होतं. नंदाताई त्यांची विद्यार्थिनी, आणि आता त्याच शाळेत मुख्याध्यापिका.

"रविवारी पुण्यानुमोदन शाळेतच ठेवलंय," ती म्हणाली. "सगळा गाव येणार. तुम्ही तिकडून ऑनलाइन असालच. एक विनंती होती भाऊ. पाच मिनिटं पिअरबद्दल बोला."

"पिअरबद्दल?"

"सर इंग्लंडहून परत आले ना, तेव्हा आम्ही त्यांना शाळेत बोलावलं होतं. दीड तास बोलले! फळ्यावर खडूने अख्खा पिअर काढला. पार टोकापर्यंत चालत गेलो म्हणाले. फटीतून खाली पाणी हलताना दिसतं, पहिली दहा पावलं भीती वाटते, मग नरेशने माझा हात धरला आणि नंतर काही म्हणजे काही वाटलं नाही. असं म्हणाले बघा. आता मुलांना ते तुमच्या तोंडून ऐकायचंय."

नरेश "हो, हो" म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. बस जुरोंग ईस्टला पोचली, लोक उतरले, तरी तो बसूनच होता. ड्रायव्हरने हाक मारली तेव्हा कुठे उठला.

कारण ते पिअरवर गेलेच नव्हते. टोकापर्यंत सोडा, पहिल्या फळीवरसुद्धा बाबांचा पाय पडला नव्हता.

ही पिअरची गोष्ट जुनी होती, नरेशहून फार लहान नसावी. सहावीच्या वर्गाला बाबा एक धडा शिकवायचे. इंग्लंडातलं एक समुद्रकाठचं गाव, राणी व्हिक्टोरियाच्या काळातलं. काठाने रंगीत घरांची रांग, बँडस्टँड, आणि समुद्रात सरळ आत गेलेला लाकडी फळ्यांचा लांबच लांब धक्का, तो पिअर. त्यावर लोक नुसते फिरायला जातात, होडीत बसायला नव्हे, मासे आणायला नव्हे, याचं वर्गातल्या पोरांना भारी नवल वाटे. बाबांनाही वाटत असणार. वैनगंगेपलीकडे त्यांनी तोवर पाणी पाहिलेलं नव्हतं. समुद्र पाहिला तो पुढे, दादरला चैत्यभूमीवर गेले तेव्हा, आणि तोही गर्दीतून वीतभर.

एका वर्षी नंदा नावाच्या एका चिमुरडीने हात वर केला आणि विचारलं, "सर, फळ्यांमध्ये फटी असतील ना? खाली पाणी दिसत असेल. मग भीती नाही वाटत?"

दुसरा कुणी मास्तर असता तर "वाटत नाही, खाली बस" म्हणून मोकळा झाला असता. बाबा म्हणाले, "मला माहीत नाही. मी गेलो तर बघून सांगेन."

माणूसच तसा. खोटं म्हणून कधी बोलायचे नाहीत. एकदा तपासणीच्या आधी मुख्याध्यापकांनी हजेरीपट भरून ठेवायला सांगितला. आले नव्हते त्यांनाही हजर मांडायचं होतं. बाबांनी ऐकलं नाही आणि दोन वर्षं जंगलातल्या शाळेत बदली भोगली. नरेशची आई तेव्हा म्हणायची, पंचशील सगळेच म्हणतात, पण चौथं शील एकट्या यांच्याच वाट्याला आलंय. ते चौथं शील खोटं न बोलण्याचं.

तर बाबा पंच्याहत्तर वर्षांचे झाले आणि नरेशने त्यांना इंग्लंडला न्यायचं ठरवलं. खरंच मनापासून ठरवलं, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. आई तोवर गेली होती. बाबांना आधी सिंगापूरला आणलं, पंधरा दिवस पुंगोलला ठेवलं, आणि मग अंजली, नऊ वर्षांची लेक दीक्षा, बाबा आणि तो स्वतः अशा चौघांची मे महिन्यातली सहल. बाबांनी पुस्तकातल्या चित्राशी ताडून एक गाव निवडलं होतं, थॉर्नकोम. हॉटेलही नरेशने अगदी पिअरच्या समोरचं घेतलं. खिडकी उघडली की दिसायचा. समुद्रात शिरलेला, पांढऱ्या कठड्यांचा, टोकाला छोटासा घुमट.

आणि तिथेच घोडं अडलं.

नरेशच्या धंद्यात 'फ्लोट' नावाची एक चीज असते. ज्या कामाला घाई नाही, जे मागे सरकवलं तरी कुणाचं काही अडत नाही, त्या कामाला भरपूर फ्लोट आहे असं म्हणतात. घाईची कामं आधी उरकायची, फ्लोटवाली मागे ढकलायची, हा तिथला मंत्र. नरेशने सहलीच्या चार दिवसांचा रंगीत तक्ता केला. आजूबाजूची खेडी लांब, तिथल्या बसगाड्या तासातासाने, म्हणून ती आधी. पिअर तर काय, हॉटेलसमोर. कधीही होईल. पिअरला भरपूर फ्लोट.

पहिल्या दिवशी अपर वीक. गवताने शाकारलेली घरं, बदकांचं तळं, चाळीस मिनिटं. मग स्टोकली, तिथलं आठशे वर्षांचं चर्च, पंचवीस मिनिटं. बाबा थडग्यांवरची नावं वाचत उभे राहिले तर नरेश मनगटावरचं घड्याळ बोटाने टकटकवत म्हणाला, "बाबा, बस." संध्याकाळी परतले तेव्हा दीक्षाचे पाय दुखत होते. पिअर उद्यावर गेला.

दुसऱ्या दिवशी डनफर्ड. ते गाव कड्याखाली आहे. खाली किनाऱ्यावर उतरायला दगडी पायऱ्या, उभ्या आणि शेवाळलेल्या, एका बाजूला दोरी. नरेश पुढे होता. निम्म्यावर बाबा थांबले आणि त्यांनी हात पुढे केला. नरेशने पिशवीतून पाण्याची बाटली काढून त्यांच्या हातात दिली. बाबांनी बाटलीकडे पाहिलं, दोन घोट घेतले, बाटली परत केली आणि दोरीला धरून सावकाश उतरले. खाली पोचायला ठरल्यापेक्षा बारा मिनिटं जास्त लागली, आणि ती बारा मिनिटं नरेशने दुपारच्या जेवणातून कापली.

तिसऱ्या दिवशी बाबांनी सकाळीच विचारलं, "आज पिअर?"

"आज संध्याकाळी नक्की."

संध्याकाळी सातला बाबा तयार होऊन बसले. कोट, कानटोपी, बुटांच्या नाड्या घट्ट बांधलेल्या. आणि नरेशला ऑफिसमधून फोन आला. प्लान्टमध्ये कसलासा पंप नादुरुस्त झाला होता. सिंगापुरात मध्यरात्र उलटून गेली होती, तरी माणसं नरेशला विचारत होती, कारण त्यांना सवयच त्याने तशी लावलेली. दोन तास तो लॅपटॉपपुढे बसला. मध्ये एकदा मान वर करून पाहिलं तर बाबा पलंगाच्या कडेला तसेच बसून होते, कानटोपीसकट, हात मांडीवर ठेवून. अंजली म्हणाली, "मी नेते त्यांना." पण बाबा म्हणाले, "नरेशला येऊ दे."

काम उरकलं तेव्हा अंधारून आलं होतं. बाबा म्हणाले, "दहा मिनिटं जाऊन येऊ या का?"

नरेश थकला होता, चिडला होता, आणि त्या चिडीत तो जे बोलला ते आता त्याला झोपू देत नव्हतं. "बाबा, फळ्याच आहेत ना त्या? पळून जाणार आहेत का कुठे?"

बाबा हसले. त्यांनी वाकून बुटांच्या नाड्या सोडायला घेतल्या.

रात्रीतून वारा सुटला. चौथ्या दिवशी सकाळी सगळे पिअरपाशी गेले तर तोंडाशी साखळी बांधलेली, आणि पिवळं जाकीट घातलेला एक म्हातारा उभा. वाऱ्यामुळे पिअर आज बंद. नरेशने त्याच्याशी हुज्जत घातली. सिंगापूरहून आलोय म्हणाला, वडिलांचं वय सांगितलं. जुरोंग आयलंडवर कुणी साखळी ओलांडायला निघाला असता तर याच नरेशने त्याचा पास काढून घेतला असता. बाबांनी त्याच्या बाहीला धरून त्याला मागे ओढलं. "राहू दे रे. बंद म्हणजे बंद. तो त्याचं काम करतोय."

अकराची गाडी होती. ती चुकवून चालणार नव्हतं, पुढची तिकिटं काढलेली होती. ते निघाले. गाडीत बाबा खिडकीशी बसले आणि वळणावर पिअर दिसेनासा होईपर्यंत पाहत राहिले. फोटोत आहे ते. दीक्षाने काढलेला.

सहलीनंतर नऊ महिन्यांनी, फेब्रुवारीत, बाबा झोपेत गेले. नरेश पोचला तेव्हा सगळं त्याच्यासाठी थांबून होतं. त्याला तेव्हा रडू आलं, पण पिअर आठवला नाही. पिअर आठवला तो गुरुवारी, नंदाताईच्या फोनने.

घरी आल्यावर त्याने अंजलीला सगळं सांगितलं. ती कणीक मळत होती. तिचे हात थांबले.

"बाबांनी? खोटं सांगितलं?"

"दीड तास. चित्र काढून."

अंजलीने कणकेवर ताट झाकलं. मग म्हणाली, "लोकांनी विचारलं असणार ना. पोराने नेलं का पिअरवर, असं. काय सांगणार होते ते? पोराला वेळ नव्हता म्हणून?"

जो माणूस हजेरीपटावर एक खोटी खूण करायला तयार झाला नाही, दोन वर्षं जंगलात राहिला, तो आपल्यासाठी भरवर्गात खोटं बोलला. तेही नंदासमोर, जिला त्याने खरं सांगायचा शब्द दिला होता.

"मी खरं सांगणार," नरेश म्हणाला. "रविवारी. सगळ्यांसमोर."

"मग बाबा खोटे ठरतील."

"आणि नाही सांगितलं तर?"

"तर तू ठरशील," अंजली म्हणाली. "मला विचारू नकोस, नरेश. मला नाही माहीत."

शुक्रवारी आणि शनिवारी त्याने कागदावर लिहून काढलं. लिहायचा, खोडायचा, पुन्हा लिहायचा. शेवटी चार ओळी उरल्या. आम्ही पिअरवर गेलो नाही. माझ्यामुळे राहिलं. बाबांनी माझी लाज राखली. त्यांना दोष देऊ नका. हे वाचायला वीस सेकंद लागतात, हेही त्याने घड्याळ लावून पाहिलं. सवय जात नाही माणसाची.

रविवारी साडेदहाला, म्हणजे गावात आठला, ते तिघे पांढरे कपडे घालून लॅपटॉपसमोर बसले. टेबलावर बुद्धांची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, शेजारी बाबांचा. अंजलीने मेणबत्ती लावली. पडद्यावर शाळेचा मोठा वर्ग दिसत होता. सतरंजीवर मुलं, मागे बाकांवर गावातली माणसं, काही बाबांच्या वयाची. कुणीतरी त्रिसरण आणि पंचशील सांगू लागलं आणि तिकडून दीडशे आवाज, इकडून तीन, असं सगळ्यांनी म्हटलं. दीक्षाला पाठ होतं. चौथं शील आलं तेव्हा नरेशने खिशातल्या कागदावर हात ठेवला.

साधू, साधू, साधू म्हणून झालं. दोघं-तिघं बोलले. मग नंदाताई उभी राहिली. पन्नाशी उलटलेली, पांढरी साडी, चष्मा.

"आता नरेशभाऊ आपल्याला पिअरची गोष्ट सांगतील. त्याआधी त्यांना काहीतरी दाखवायचंय."

तिने फोन फळ्याकडे वळवला. फळ्यावर पिअर होता, रंगीत खडूंनी काढलेला. पांढरे कठडे, टोकाला घुमट. बाबांनी काढला होता तसाच म्हणे, आठवून आठवून मुलांनी पुन्हा काढलेला. फळ्यांमध्ये बारीक फटी, फटींत निळा खडू. आणि पार टोकाशी दोन माणसं. एक कानटोपीवालं, एक उंच. उंच माणसाने कानटोपीवाल्याचा हात धरला होता. मुलांनी तो हात जरा लांबच काढला होता.

नरेशने कागद काढला. उघडला. पुन्हा मिटला.

"भाऊ, ऐकू येतंय ना?" नंदाताई म्हणाली. मग जरा थांबून, आवाज खाली आणून, ती मुख्याध्यापिका न राहता नुसती नंदा होऊन म्हणाली, "मी सहावीत विचारलं होतं त्यांना. चाळीस वर्षं लक्षात ठेवलं हो त्यांनी. म्हणाले, नंदा, बघून आलो. नरेशने हात धरला म्हणून भीती नाही वाटली. खरं ना भाऊ?"

दीडशे माणसं पाहत होती. बाबांच्या वयाचा एकजण हात कानामागे धरून पुढे वाकला होता.

"हो," नरेश म्हणाला. "खरं आहे. फटीतून पाणी दिसतं. पहिली दहा पावलं बाबा थांबत थांबत चालले. मग मी हात धरला."

शेजारी दीक्षाने मान वळवून त्याच्याकडे पाहिलं. अंजलीने हलकेच हात लांबवून लॅपटॉपचा माइक बंद केला, तेवढ्यात दीक्षा शाळेतल्या सिंगापुरी इंग्रजीत बोललीच, "बट पापा, वी नेव्हर गो व्हॉट. क्लोज्ड, रिमेंबर?"

तिकडे ते कुणाला ऐकू गेलं नाही. अंजलीने माइक पुन्हा सुरू केला आणि नरेश बोलत राहिला. वारा किती होता ते सांगितलं. टोकाला पोचल्यावर बाबा काय म्हणाले तेही सांगितलं. बाबा काहीच म्हणाले नव्हते, म्हणून त्याला शब्द स्वतःचेच घालावे लागले, आणि ते सुचत गेले. पाच मिनिटांची सात झाली. मुलांनी टाळ्या वाजवल्या, नंदाताईने चष्मा काढून डोळे पुसले, आणि पडदा बंद झाला.

अंजली स्वयंपाकघरात गेली. गाळण्याचा आवाज आला, चहा होत होता. खाली एलआरटीची छोटी रेल्वेगाडी वळण घेऊन गेली. नरेश खुर्चीवर बसून राहिला. आपण शील घेऊन वीस मिनिटांत मोडलं, आणि ते पोरीसमोर मोडलं, याची त्याला शरम वाटत होती. पण पुन्हा वेळ आली तरी आपण हेच बोलू, हेही त्याला कळत होतं, आणि त्याची शरम त्याहून जास्त होती.

दीक्षा जागची हलली नव्हती.

"पापा, दॅट वन लाय, राइट?"

"हो," नरेश म्हणाला. "खोटं होतं."

"आजोबांनी पण सांगितलं तसं? टीचर म्हणाली ना."

"हो. आजोबा माझ्यासाठी खोटं बोलले. मी त्यांना नेलं नाही, हे लोकांना कळू नये म्हणून."

दीक्षाने त्यावर विचार केला. तिने बाबांच्या फोटोकडे पाहिलं, मग पुन्हा नरेशकडे. तिला काहीतरी जुळत नव्हतं.

"आजोबांनी गेलो एवढंच सांगायचं ना मग," ती म्हणाली. "हँडचं कशाला सांगितलं? दॅट पार्ट नोबडी आस्क्ड."

नरेशने हातातला कागद आणखी एकदा दुमडला.

"सो आजोबा वॉन्टेड यू टू होल्ड हिज हँड, इज इट?"

नरेशला डनफर्डच्या पायऱ्या आठवल्या. उभ्या, शेवाळलेल्या. निम्म्यावर बाबा थांबले होते. त्यांनी हात पुढे केला होता, आणि आपण त्या हातात पाण्याची बाटली दिली होती.